प्रिंटरची शपथ

फार जुनी गोष्ट नाही, पण संगणकांच्या मानाने युगं लोटली. एका वाचनालयातल्या संगणकात लिनक्स, म्हणजे संगणक चालवणारी एक मोफत, खुली प्रणाली, नव्याने राहायला आला. कीबोर्ड, माउस, पडदा, सगळ्यांशी त्याचं लगेच जमलं. कोपऱ्यातला प्रिंटर तेवढा गप्प राहिला.

"काका, तुमची छपाईची भाषा मला येत नाही. शिकवा ना," लिनक्स म्हणाला. "नाहीतर ग्रंथपाल बाई तुम्हाला अडगळीत टाकतील."

"मला बनवणाऱ्या कंपनीला शपथ दिली आहे," प्रिंटर म्हणाला. " परक्याला एक अक्षरही सांगायचं नाही."

"अहो, कंपनीने तुम्हाला केव्हाच टाकलंय!" माउस खिदळला. "आणि तुम्ही अजून तिच्या नावाने उपास धरून बसलात!"

लिनक्सने प्रिंटरची भाषा अंदाजाने बोलून पाहिली. प्रिंटरमधून कोरेच कागद बाहेर आले. मुलं अर्ज छापायला येऊन हात हलवत परत जायची, तेव्हा प्रिंटरला वाटायचं, सांगून टाकावं. पण त्याने शब्द दिला होता.

शेवटी ग्रंथपाल बाईंनी दुसरा प्रिंटर आणला. तो पहिल्याच दिवशी लिनक्सशी घडाघडा बोलू लागला.

जुना प्रिंटर माळ्यावर गेला. खालून छपाईचा आवाज आला, की तो अंधारात आपली भाषा स्वतःशीच पुटपुटायचा. त्याचं गुपित अगदी सुरक्षित होतं. ते विचारणारं आता कोणी उरलंच नव्हतं.