आवळलेलं झाकण

“आणखी किती आवळू, वस्ताद? तुम्हीच सांगा!”

हातातला पाना जालिंदरने खाली फरशीवर आपटला.

इलाही वस्ताद अंगणात बाजेवर बसून ओल्या शेंगा सोलत होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

“किती आवळलंस?”

“हात दुखेपर्यंत.”

“कुणाचा?”

“माझाच की!”

“हं...” वस्ताद म्हणाले आणि आणखी एक शेंग फोडली.

जालिंदर खोत हा वस्तादांचा जुना शागीर्द. विट्याच्या रस्त्यावर आता त्याचं स्वतःचं गॅरेज होतं आणि लांबून दिसेल असा बोर्डही होता. हात चांगला होता. वस्ताद तसं म्हणत. जालिंदर जरा जास्तच म्हणे.

पण यंदा त्याची गाठ पडली ती होणाऱ्या सासऱ्यांच्या मोटारीशी.

आनंदराव निकमांची जुनी पांढरी गाडी चढाला लागली की धक्के खायची. जालिंदरने प्लग काढायला घेतले, तर प्लग ज्या खोल भोकांत बसतात ती तेलाने भरलेली. इंजिनाच्या वरच्या झाकणाचं पॅकिंग गेलं असणार... साधं काम. त्याने पॅकिंग बदललं, प्लगभोवतीची रबरी सील बदलली. आणि तेजश्रीच्या, म्हणजे होणाऱ्या बायकोच्या देखत सासऱ्यांना छातीठोक सांगितलं, “पुन्हा थेंब दिसला तर गॅरेजचा बोर्ड उतरवीन.”

थोड्याच दिवसांत थेंब दिसला.

मग त्याने सील पुन्हा बदलली, वरून काळी पेस्ट थापली, बोल्ट करकचून आवळले. तरी तेल आलंच. साखरपुड्याच्या खरेदीला निघालेले आनंदराव घाटात अडकले आणि कोबीच्या टेम्पोत बसून घरी आले. ते हसले. तेजश्रीही हसली. जालिंदरची मात्र झोप उडाली.

साखरपुडा रविवारी होता. आनंदराव म्हणाले होते, “आम्ही येणार ते याच गाडीने, जावईबापू. वाटेत थांबलो, तर समजा...” आणि पुढचं न बोलता मिशीत हसले होते.

ते ‘समजा’ जालिंदरच्या डोक्यातून जात नव्हतं. म्हणून आज सकाळी तो गाडी घेऊन वस्तादांच्या दारात आला होता.

“बोर्ड आणलायस का?” वस्तादांनी विचारलं.

“कुठला बोर्ड?”

“उतरवणार होतास तो.”

“तुम्हाला कुणी सांगितलं?”

“तुझे सासरे येऊन गेले. चहा घेतला. फार हसत होते.”

जालिंदरचे कान तापले.

“वस्ताद, हल्ली सीलच भिकार येतात. नाहीतर झाकण वाकडं असेल. मी काय म्हणतो, नवीन झाकणच टाकून...”

“गाडी चालू कर.”

“चालू? उघडून बघायचं नाही?”

“चालू कर.”

इंजिन चालू झालं. वस्ताद उठले, लुंगीवरची टरफलं झटकली, घरात गेले. बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात दुधाची धुतलेली रिकामी पिशवी होती आणि एक रबर.

त्यांनी इंजिनात तेल ओततात तिथलं बूच काढलं. त्या तोंडावर पिशवी चढवली आणि रबर गुंडाळलं.

“हे काय?”

“बघ.”

दोघं बघत राहिले...

पिशवी थरथरली. हलकेच वर उठली. मग फुगत गेली, फुगत गेली, पुरीसारखी टम्म झाली.

जालिंदर हसला.

मग हसायचा थांबला.

“ही कुठून फुटेल?” वस्तादांनी विचारलं.

“जिथं कच्ची असेल तिथून.”

“तिथं पेस्ट लावली तर?”

“मग दुसरीकडून.”

“तिथंही लावली तर?”

जालिंदर इंजिनावर वाकला.

इंजिन घुरघुरत होतं. तेवढ्यात रबर सटकलं, पिशवी फट्दिशी उडाली आणि अंगणातली कोंबडी ओरडत बाजेखाली पळाली. वस्ताद पोट धरून हसले.

“ब्रीदर...” जालिंदर पुटपुटला.

इंजिनाच्या आत साचणारी हवा बाहेर पडायला एक लहानशी वाट ठेवलेली असते. तिला ब्रीदर म्हणतात. या गाडीची ती वाट जुन्या चिकट काजळीने पार बुजून गेली होती. कोंडलेली हवा तेलाला ढकलत होती, आणि तेल मिळेल त्या फटीतून बाहेर येत होतं.

इंजिन निवल्यावर जालिंदरने ब्रीदरचा व्हॉल्व्ह काढला आणि कानाशी धरून हलवला. चांगला व्हॉल्व्ह खुळखुळतो. हा मुका होता. पेट्रोलमध्ये बुडवून, ब्रशने घासून त्याने तो धुवायला घेतला. काळं पेट्रोल गळत राहिलं... आणि एकदम व्हॉल्व्ह खुळखुळला.

जालिंदरने तो वस्तादांच्या कानाशी नेऊन वाजवला. पुन्हा वाजवला.

“ऐकू आलं रे. बहिरा नाही मी.”

मग झाकण उघडलं. आवळून आवळून पॅकिंग चपटं झालं होतं, कडेने बाहेर आलं होतं. जालिंदरने ते बोटांत धरलं आणि खाली मान घालून बाजूला ठेवलं. प्लगच्या भोकांतलं तेल आधी फडक्याने टिपून घेतलं, वाळलेली पेस्ट खरवडली, सोबत आणलेलं नवं पॅकिंग आणि सील बसवली. झाकण ठेवलं. हात सवयीने लांब पान्याकडे गेला.

वस्तादांनी लांब पाना उचलून बाजेखाली सरकवला आणि आखूड पाना त्याच्या हातात दिला.

“दोन बोटांनी.”

“वस्ताद, सुटेल ते!”

“दोन बोटांनी.”

मधल्या बोल्टपासून सुरुवात करून बाहेरच्या बाजूला, थोडं थोडं करत त्याने झाकण बसवलं. प्रत्येक बोल्टला त्याचा हात शिवशिवत होता. प्रत्येक वेळी वस्ताद नुसते खाकरत होते.

इंजिन चालू केलं. तोंडावर पुन्हा पिशवी चढवली.

पिशवी फुगली नाही. उलट जराशी आत ओढली गेली आणि तशीच गप्प राहिली.

“चला घाटात,” वस्ताद म्हणाले आणि शेंगा लुंगीच्या ओच्यात घेऊन पुढच्या सीटवर बसले.

गाडी चढाला लागली. जालिंदरने श्वास रोखला... गाडी खोकली नाही. वळणं गेली, तो मोठा उभा चढही गेला. वस्ताद खिडकीतून टरफलं टाकत होते आणि डोंगरावरच्या पवनचक्क्या बघत होते.

माथ्यावर थांबून जालिंदरने काडीला कापूस गुंडाळला आणि प्लगच्या भोकात सोडला. कापूस पांढराच वर आला. दुसऱ्या भोकातला पांढरा. सगळे पांढरे! तो असा ओरडला की खालच्या माळावरचा मेंढपाळ वळून बघायला लागला.

तेवढ्यात फोन वाजला. आनंदराव.

“काय जावईबापू, काय निघालं? सील का झाकण?”

जालिंदरने वस्तादांकडे पाहिलं. वस्ताद पवनचक्क्यांकडे पाहत होते.

‘सील’ म्हटलं असतं तरी भागलं असतं. आनंदरावांना त्यातलं काही कळत नव्हतं.

“आण्णा... सील चांगली होती. झाकणही चांगलं. चुकलो मी. हवेची वाट बुजली होती आणि मी उगाच आवळत बसलो.”



पलीकडे आनंदराव इतक्या जोरात हसले की जालिंदरला फोन कानापासून लांब धरावा लागला.

“आणि बोर्ड?”

“उतरवतो, आण्णा. बोललोय ना.”

“अहो, उतरवू नका! साखरपुड्याचा फोटो त्याच बोर्डाखाली काढायचा म्हणून तेजश्री हटून बसलीय!”

जालिंदरने फोन खिशात ठेवला. उगाचच गाडीची काच पुसली. मग रस्त्याकडेच्या कठड्यावर उतरून बसलेल्या वस्तादांच्या शेजारी येऊन बसला. मन हलकं झालं होतं, तरी एक गोष्ट सलत होती.

“वस्ताद...”

“हं.”

“इतकी वर्षं तुमच्या हाताखाली काढली. ही पिशवीची युक्ती मला कधी शिकवली नाहीत?”

वस्तादांच्या तोंडात दाणे होते. ते चावून होईपर्यंत जालिंदर थांबला.

“शिकवली होती,” वस्ताद म्हणाले. “तू तेव्हा बोलत होतास.”