सावडीला आलेला माणूस

माळावरच्या एका गावात एस्तेरबाई नावाची बाई राहत होती. चर्चला न चुकता जाणारी, पण देवावर रुसलेली. तिचा धाकटा मुलगा अनुग्रह दोन वर्षांपूर्वी मिशनच्या सेवेसाठी लांब डोंगरात गेला होता. तिथल्या एका पाड्यावर तो मुलांना शिकवायचा, आजाऱ्यांना औषधपाणी करायचा. लोक म्हणायचे, "बाई, भाग्यवान आहात." एस्तेरबाई मनात म्हणायची, मुलगा माझा गेलाय, तुम्हाला बोलायला काय जातंय?

त्या घरात एक रीत होती. नाताळच्या दिवशी जेवायला बसलं की पहिला घास घेण्याआधी प्रत्येकाने एकेका गोष्टीसाठी देवाचे आभार मानायचे. गेल्या नाताळात एस्तेरबाईची पाळी आली तेव्हा तिने ओठ घट्ट मिटून घेतले.

"अगं, बोल की काहीतरी," नवरा शांतवन हळूच म्हणाला.

"आम्ही मुलगा दिलाय. आता आभार देवाने मानावेत," ती म्हणाली. शांतवन बिचारा वाटीतल्या रश्शाकडे बघत बसला.

या वर्षी अनुग्रहला सुटी मिळाली होती. नाताळच्या आदल्या दिवशी पोहोचतो, असा त्याने निरोप धाडला होता. एस्तेरबाईने डबे भरून करंज्या केल्या. आदला दिवस आला आणि गेला, मुलगा काही आला नाही. फोन लागेना. त्यातच कुणीतरी सांगितलं की तिकडे डोंगरात तापाची साथ आहे. अशा वेळी असलं बोलू नये, एवढी पोच काही माणसांना नसतेच. सकाळी चर्चमध्ये सगळे गात होते आणि एस्तेरबाईचे डोळे दाराकडे लागले होते.

दुपारी ताटं वाढली, तेवढ्यात अंगणात एक अनोळखी माणूस येऊन उभा राहिला. पाय धुळीने भरलेले, आणि अंगात अनुग्रहचा स्वेटर. शंकेला जागाच नव्हती. स्वेटर तिनेच विणला होता. निळी लोकर पुरली नाही म्हणून डावी बाही तपकिरी केली होती.

माणूस गेला की त्याचे कपडे वाटून टाकतात, एवढं एकच एस्तेरबाईच्या मनात आलं.

थोरला मुलगा सॅमसन धावला आणि त्याने त्या माणसाची मानगूट धरली. "माझ्या भावाचा स्वेटर तुझ्या अंगात कसा आला? बोल."

माणूस जागचा हलला नाही. "निरोप आईसाठी आहे," तो म्हणाला. "आईलाच देईन."

"सोड त्याला, सॅमसन," एस्तेरबाई म्हणाली.

तिने त्याला पाणी दिलं. मग गूळ दिला. बसायला घोंगडी टाकली. पुन्हा पाणी आणलं. बघणाऱ्याला वाटलं असतं, काय हा पाहुणचार! पाहुणचार कसला, भीती होती ती. तो बोलत नव्हता तोवर तिचा मुलगा जिवंत होता. पण किती वेळ पाणी पाजणार?

"माझा अनुग्रह आहे ना?" तिने विचारलं.

"आहे."

एस्तेरबाई मटकन खाली बसली आणि तोंडाला पदर लावून रडली.

मग त्याने सगळं सांगितलं. त्याचं नाव चैत्या. अनुग्रहला तापाने धरलं होतं. पाड्यावरच्या बाया आळीपाळीने त्याच्या उशाशी बसल्या, त्याला पेज पाजली, म्हणून तो वाचला. आता उठून बसत होता, पण एवढा प्रवास झेपणार नव्हता. स्वेटर त्यानेच चैत्याच्या अंगात घातला होता, आई बघताक्षणी ओळखेल म्हणून. ओळखल्यावर आईचं काय होईल, हे काही त्या शहाण्याला सुचलं नाही.

सॅमसन ओशाळला होता. "एवढ्या निरोपासाठी इतक्या लांब आलात?"

"निरोपासाठी नाही. सावडीला आलोय," चैत्या म्हणाला. "तुमचं माणूस आमच्या शेतावर राबलं की आमचं माणूस तुमच्या शेतावर जातं, तिला आम्ही सावड म्हणतो. त्यात पैसा नसतो, माणसाला माणूस द्यायचं. तुमचा पोरगा दोन वर्षं आमच्याकडे राबतोय. आज तुमचा सण, आणि घरात एक माणूस कमी. पाड्याने ठरवलं, कुणीतरी गेलंच पाहिजे." तो उठून उभा राहिला. "तो असता तर आज त्याने कोणतं काम केलं असतं? सांगा, मी करतो."

"काम कसलं?" एस्तेरबाई म्हणाली. "माझ्या शेजारी बसून जेवला असता."

चैत्याने जरा विचार केला. "मग जेवतो," तो म्हणाला.

सगळे जेवायला बसले. शांतवनने आभार मानले, सॅमसनने मानले, आणि एस्तेरबाईची पाळी आली. दोन वर्षं ती आपण काय दिलं तेवढंच घोकत बसली होती. आपल्या मुलाला तिकडे रोज कोण जेवू घालतं, हे तिने एकदाही विचारलं नव्हतं. तिला लाज वाटली, अगदी मनापासून लाज वाटली.

"चैत्यादादा, त्याच्या उशाशी बसल्या त्या बायांची नावं काय?"

"बुधी. रकमी. जानकी. आणि म्हातारी सोमी, ती माझी आई."

एस्तेरबाईने डोळे मिटले आणि एकेक नाव घेऊन देवाचे आभार मानले. सोमीचं नाव तिने दोनदा घेतलं. त्या माउलीचाही मुलगा आज घरी नव्हता.

तात्पर्य: आपण काय दिलं तेच मोजत बसलं की आपल्याला काय मिळतंय ते दिसेनासं होतं. आपलं माणूस दूर असेल, तर तिथे त्याला जपणाऱ्यांचे आभार आधी मानावेत.