थोरल्यांना कडक पत्र

त्या सकाळी मिरी न दचकता जागी झाली, आणि त्यामुळेच दचकली.

शेणकिड्यांच्या त्या राज्यात दिवस उजाडायचा तो जमिनीच्या हादऱ्याने. थोरले चालत यायचे, धप्पकन लीद पडायची आणि प्रजा कामाला लागायची. गोळे वळायचे, मग डोकं खाली, मागचे पाय वर करून ते उलट्या चालीने घरी लोटत न्यायचे. उलटं चालणं हीच तिथली सभ्यता. त्यामुळे थोरल्यांना घोट्याच्या वर कुणी पाहिलेलंच नव्हतं. मात्र आपण उचलतो म्हणून त्यांचं निभतंय, नाहीतर बिचारे कधीच लिदीत बुडाले असते, याबद्दल कुणाच्याही मनात शंका नव्हती.

मिरी गोलविद्येची पदवीधर. पोटात पहिलं अंडं. ते ताज्या गोळ्यातच घालावं लागे, नाहीतर वाया जाई. आणि तिचे दिवस भरत आले होते.

"अण्णा, आज जमीन हलली नाही," ती अध्यक्ष घरंगळेअण्णांना म्हणाली.

"तू हललीस ना? पुरे झालं."

चौथ्या दिवशी उरलीसुरली लीदही वाळून उडाली, तेव्हा कुठे सभा भरली. माळावर गेल्या उन्हाळ्यापासून आयता मंडप मिळाला होता: दोन्ही बाजूंनी वर जाऊन वाकलेल्या पांढऱ्या कमानी, मधून छान वारा. कुणी बांधला, ते कुणी विचारलं नाही.

"थोरले रुसलेत," अण्णा म्हणाले. "लाडावून ठेवलंय आपणच. कडक पत्र लिहा. आठ दिवसांत रुजू न झाल्यास यापुढे त्यांची लीद उचलली जाणार नाही."

"'कृपया' घालू का?" चिटणीसबाईंनी विचारलं.

"नको. डोक्यावर बसतील."

"पण अण्णा, पत्र द्यायचं कुणाला?" मिरीने विचारलं.

"कॉलेजात हेच शिकवतात वाटतं, मोठ्यांच्या मध्ये बोलायला?"

सभा हसली. मिरीच्या पोटात कळ आली. ती बाहेर पडली आणि कुणी बघत नाहीसं पाहून सरळ चालू लागली, तोंड पुढे करून. अगदी निर्लज्जासारखी.

कमानींची रांग संपली तिथे एक प्रचंड पांढरा धोंडा होता, त्याला दोन काळी भोकं. धापा टाकत ती त्यावर चढली आणि तिने वळून मंडपाकडे पाहिलं. साऱ्या कमानी वर एका लांबलचक कण्याला जोडलेल्या होत्या. खाली मतदान चाललं होतं. शेकडो मागचे पाय वर झाले होते.

मिरीने माळाकडे तोंड केलं.

"अहो थोरले," तिने हाक मारली. "अहो, कुणी एक तरी." खालून चिटणीसबाईंचा आवाज आला, "एकमताने मंजूर." मिरीने डोळे मिटून घेतले. "धाकटं असलं तरी चालेल हो."

एका भोकातून आधी दोन लांब कान वर आले, मग थरथरतं नाक.

"हळू गं बाई," सशीण म्हणाली, "पिल्लं आत्ता कुठे झोपलीयत. ये आत. आमच्याकडची लेंडी अगदी बारीक असते हं, पण आजचीच आहे."