जीपची काच आणि तिचं रबर

फार पूर्वी, गाड्यांचे भाग आपापसांत बोलत असत तेव्हाची ही गोष्ट. गुरांच्या डॉक्टर वसुधाताई निंबाळकरांच्या जुन्या जीपची पुढची काच मोठी रुबाबदार होती. तिच्याभोवतीचं काळं रबर मात्र उन्हाने तडकलं होतं.

"तुझ्यामुळे माझी शोभा जाते," काच त्याला रोज सुनवायची. "तू जा बरं एकदाचं!"

"मी धरलंय म्हणून तू उभी आहेस," रबर म्हणायचं. काच नुसती हसायची.

पुढे फटीतून पाणी आत यायला लागलं, तेव्हा ताई जीप घेऊन याकूब मिस्त्रींकडे गेल्या. मिस्त्रींनी बोटाने चाचपून पाहिलं. "काच चांगली आहे ताई, रबर बदलू."

काच हरखली. मिस्त्रींनी रबर कापून काढलं, तशी ती एकदम पुढे कलली.

"अहो, पकडा!" ताई ओरडल्या. दोघांनी तिला कसंबसं सावरलं आणि पोत्यावर आडवं ठेवलं. तिथे ती भीतीने गारठून पडली होती.

नव्या रबराने घट्ट धरल्यावर तिच्या जिवात जीव आला. मग ती त्याला म्हणाली, "त्या जुन्याला इतकी वर्षं मीच सांभाळलं. घाबरू नकोस, आता तुलाही सांभाळीन."