दारुहळदीचा काढा

“...मग त्या काढ्यात आणखी काय घातलं होतंत, आक्का?”

“काही नाही. दारुहळद आणि पाणी.”

ऋता कारखानीसला ते पटलं नाही. पुण्याहून वाईच्या अलीकडच्या या खेड्यात ती रोग्याची फाइल घेऊन आली होती, ती काही एवढं ऐकायला नाही.

दारुहळदीच्या मुळात जे पिवळं, कडू द्रव्य असतं, त्यावर तिची सहा वर्षं गेली होती. पीसीओएस असलेल्या, म्हणजे संप्रेरकांच्या बिघाडाने पाळी चुकणाऱ्या मुलींना ती ते शुद्ध करून, कॅप्सूलमधून देत होती. त्यांतली एक याच गावची, मयूरी शेलार. वय एकवीस. सात महिने पाळी नाही, हनुवटीवर राठ केस. चार महिने कॅप्सूल घेऊन ढिम्म फरक पडला नाही आणि मुलगी गावी परतली.

इथे झाडपाल्याचं औषध देणाऱ्या पंचाहत्तरीच्या अंबूआक्कांनी तिला हाती घेतलं. पाच महिन्यांनी मयूरीचा फोन आला. तीन महिने पाळी वेळेवर येत होती.

ऋताने हिशोब मांडला होता. आक्कांच्या वाटीभर काढ्यात तिच्या कॅप्सूलच्या दहाव्या हिश्श्याइतकंही द्रव्य नव्हतं.

“हे होऊच शकत नाही,” ती म्हणाली.

आक्का निवांतपणे मुळ्या उन्हात पसरत होत्या. त्यांनी सांगून टाकलं की, याच काढ्याने गावातल्या दोघींना काडीचा गुण आला नव्हता, त्यांना त्यांनी स्वतःच साताऱ्याच्या डॉक्टरीणबाईंकडे धाडलं होतं. मग त्यांनी ऋतालाच विचारलं, तुझं ते औषध पोटात गेल्यावर करतं तरी काय?

हा प्रश्न ऋताच्या आवडीचा. ती भरभरून बोलली. हे द्रव्य रक्तात फारच थोडं उतरतं, बरंचसं आतड्यातच राहतं. तिथे कोट्यवधी जिवाणू नांदत असतात. ते त्याचं रूप पालटतात, तेव्हा कुठे ते शरीराला घेता येतं. आणि ते द्रव्यही उलट त्या जिवाणूंची वस्ती बदलत असतं.

आक्का हातातलं काम सोडून ऐकत होत्या. त्यांच्या डोळ्यांत खरंखुरं कौतुक होतं.

“केवढं शोधून काढलंस गं... आणि ते जीव खातात काय?”

“आपण खातो त्यातला कोंडा, साली, पालेभाजीचा चोथा. जे आपल्याला पचत नाही ते.”

“आणि मयूरी काय खात होती?”

ऋताने फाइल उघडली. वजन होतं, साखर होती, सगळ्या संप्रेरकांचे आकडे होते. आहाराच्या रकान्यात दोनच शब्द होते. घरचं जेवण.

...

ऊन डोक्यावर आलं होतं. आक्कांनी काठी घेतली आणि ऋताला म्हणाल्या, चल, जेवायची वेळ झाली.

शेलारांचं घर टेकाडावर होतं. चढताना आक्का तीनदा थांबल्या, दम खाल्ला, पुन्हा निघाल्या. दारात मयूरी उभी होती. तिने ऋताकडे बघून ओळखीचं स्मित केलं आणि आक्कांचा हात धरून त्यांना आत नेलं.

चौघींची पानं मांडली होती. नाचणीची भाकरी, शेपूची भाजी, आख्ख्या मसुराची आमटी, ताक. मयूरी ऋताच्या शेजारी बसली.

भाकरी वाढता वाढता तिची आई सांगत होती. वजन वाढलं, हनुवटीवर केस आले, आणि पाहुण्यांनी बघून नकार कळवला. तेव्हापासून पोरगी चारचौघांत जेवेना. दार लावून घ्यायची. चहा आणि टोस्ट, दिवसभर तेवढंच. पुण्यातही खोलीवर तसंच चाललं होतं. आक्का पहिल्यांदा आल्या तेव्हा औषधाचं नावही काढलं नाही. बंद दाराशी बसून म्हणाल्या, एकटीला जेवण जात नाही गं मला. अकरा दिवस त्या दाराबाहेर एकट्याच जेवल्या. बाराव्या दिवशी कडी निघाली. तेव्हापासून रोज दुपारी त्या हा चढ चढत होत्या. काढा द्यायचा तो जेवण झाल्यावर.

ऋता भराभर टिपून घेत होती. लिहिता लिहिता तिचा हात थांबला. तिने समोरच्या म्हातारीकडे पाहिलं. पाच महिने. रोज हा चढ...

तिच्या प्रयोगशाळेत असलं काही मोजायची सोय नव्हती. तरी विचारल्याशिवाय तिला राहवलं नाही.

“आक्का, मला एक कारण लिहावं लागेल. काढा, हे जेवण, की तुमचं येणं? नेमका गुण कशाचा?”

आक्कांनी आमटीत भाकरी कुस्करली. मग हात लांबवून ऋताच्या बोटांतलं पेन अलगद काढून घेतलं आणि चुलीशेजारच्या फळीवर ठेवून दिलं.

ऋताच्या ताटातली भाकरी अजून तशीच होती.

“मला काय विचारतेस?” आक्का म्हणाल्या. “ती तुझ्या शेजारीच बसलीय... आधी जेव. मग तिला विचार.”