चांगुणाबाईचा विसार

गोमा नाखव्याचं गलबत नारळी पौर्णिमेनंतर द्वारकेच्या सफरीला निघणार होतं. जन्मभर किनाऱ्यावर मासळी सुकवणाऱ्या चांगुणाबाईनं शिमग्यातच विसार देऊन टोकावरची जागा धरली होती. समुद्र आतून कसा दिसतो, ते तिला एकदा तरी बघायचं होतं.

ऐन निघताना सरदार हैबतराव गलबतात चढले. "नाखवा, दहापट देतो. ह्या म्हातारीला उतरव."

नाखव्यानं लगेच मान डोलावली.

चांगुणाबाई शांतपणे उठली. "बसा, सरकार. पण मला दिलेला शब्द यानं दहापटीला विकला. भर समुद्रात चाच्यांनी वीसपट मोजले, तर हा तुम्हालाही विकेल."

हैबतराव गलबतातून उतरले आणि म्हातारीपुढं त्यांनी हात जोडले.

"नाखवा, माझा पुढच्या वर्षीचा विसार घे," ते म्हणाले. "आणि आजींना आज नीट घेऊन जा. त्यांचा विसार टिकला, तरच माझा टिकेल."