चिंगीची करवंटी

एक होती चिंगी.
चिंगी म्हणजे कोळंबी. केवढी? तुझ्या करंगळीच्या नखाएवढी.
नख बघू नकोस. मळलंय. नंतर धू. आधी गोष्ट.

चिंगी राहायची दिगूकाकांच्या काचेच्या टाकीत.
टाकी लावताना काकांनी काय थाट केला, काय थाट केला!
वाळू धुतली. चुळुक चुळुक.
गवत लावलं. खुपुक खुपुक.
एक नारळाची करवंटी उपडी ठेवली. तिला दार ठेवलं.
मग पाणी भरलं. धो धो धो.
आणि काका नुसतेच बघत बसले!
"दिगू, मासे कुठायत?" लोक हसले.
"पाणी मुरतंय," काका म्हणाले.
पाणी मुरतंय! लोणचं आहे का ते?
पण काकांचं बरोबर होतं. पाणी मुरलं. मग मासे आले.

पहिला आला फायटर. निळा निळा. शेपूट कसली? लग्नातला शालू!
"फायटर एकच ठेवायचा," काका म्हणाले. "दोन ठेवले की मारामारी."
मग त्याच्याबरोबर कोण? ज्यांना शालू नाही ते. छोटे. साधे. आपापल्या कामाचे.
आणि चिंगी.
सगळं नीट झालं. शहाणे आहेत काका, असं म्हणायची वेळ आली.
तेवढ्यात काकू आल्या! कुमुदकाकू!
"टाकी शोकेसमध्ये ठेवा. आरशासमोर. एका टाकीच्या दोन दिसतील!"
काकांनी ठेवली.
आता आरशात कोण दिसतं? सांग बघू!
हां. तुला कळलं. पण फायटरला कोण सांगणार?

फायटरने बघितलं. समोर दुसरा फायटर! निळा निळा! शालूवाला!
याने गाल फुगवले. त्याने गाल फुगवले.
हा धावला, सर्र! तो धावला, सर्र!
"माझं घर घेशील काय?" म्हणाला, आणि शिरला करवंटीत. शेपूट मावेना. तरी शिरला.
करवंटी कुणाची होती? चिंगीची!

आणि चिंगीने तर त्याच दिवशी कोट काढला होता.
कोळंबीला कोट लहान होतो. मग ती तो काढून टाकते. टर्रकन्!
आत असतो नवा कोट. पण कसा? मऊ मऊ. पापडाच्या लाटीसारखा.
कडक होईपर्यंत लपून बसायचं. नाहीतर कुणीही येईल आणि गट्टम!
चिंगी दाराशी गेली. टुचुक टुचुक, टुचुक टुचुक.

"फायटरराव, फायटरराव, बाहेर या.
मला काही करवंटी मिळत नाही,
अन् माझा कोट मऊ मऊ!"

"चल हट, चिमूटभर!" फायटर म्हणाला. "मी इथे लढाई करतोय. तो समोरचा गेला, की मी हटेन."
लढाई! घरात बसून!
"हूं!" चिंगी म्हणाली. "तोरा केवढा, अन् उपयोग केवढुसा!"
निघाली. टुचुक टुचुक, टुचुक टुचुक.

मागच्या काचेशी गवत होतं. लांब लांब. पण वाळूवर आडवं पडलेलं. आळशासारखं. उभं राहिलं असतं तर आरसा झाकला असता की नाही?

"गवतबाई, गवतबाई, उभ्या राहा.
समोरचा काही जात नाही,
फायटर काही हटत नाही,
मला काही करवंटी मिळत नाही,
अन् माझा कोट मऊ मऊ!"

"अय्या, उभी राहू कशी?" गवतबाई लोळत लोळत म्हणाली. "तो मिशाळ माझी मुळं उकरतो. तो थांबला, की मी उभी राहीन."
"हूं! तोरा केवढा, अन् उपयोग केवढुसा!"
टुचुक टुचुक, टुचुक टुचुक.

तळाशी मिशाळबुवा. त्यांना मिशा आहेत. म्हणून फार मान. दिवसभर वाळूत नाक. खर्र खर्र, खर्र खर्र.

"मिशाळबुवा, मिशाळबुवा, उकरू नका.
गवत काही उभं राहत नाही,
समोरचा काही जात नाही,
फायटर काही हटत नाही,
मला काही करवंटी मिळत नाही,
अन् माझा कोट मऊ मऊ!"

"मला मिशा आहेत," मिशाळबुवा म्हणाले.
ते दिसतंय बुवा! पुढे बोला!
"मी उपाशी आहे. वरचे चमचम सगळं खातात. खाली कणही येत नाही. त्यांनी सोडलं, की मी थांबेन."
"हूं! तोरा केवढा, अन् उपयोग केवढुसा!"
टुचुक टुचुक, टुचुक टुचुक.

वर चमचम मासे. एक डावीकडे वळला की सगळे डावीकडे. का? कुणालाच ठाऊक नाही. बोलतातही सगळे एकदम. तुमच्या घरी पाहुणे आले की बोलतात तसे.

"चमचमांनो, चमचमांनो, थोडं खाली सोडा.
मिशाळ काही उकरणं सोडत नाही,
गवत काही उभं राहत नाही,
समोरचा काही जात नाही,
फायटर काही हटत नाही,
मला काही करवंटी मिळत नाही,
अन् माझा कोट मऊ मऊ!"

"मऊ? मऊ? मऊ?" चमचम म्हणाले. "बघू! बघू! बघू!"
एकाने तोंड उघडलं. चुट्!
चिंगीची मिशीच धरली!
चिंगीने मारली उडी. टुचुक्! सुटली! मिशीचं टोक गेलं.
"लाज नाही वाटत?"
"नाही! नाही! नाही!" चमचम म्हणाले. "भूक लागते! हे यंत्र पाणी ढकलतं. पोहून पोहून दमतो. यंत्र हळू झालं, की आम्ही सोडू!"
"हूं! तोरा केवढा, अन् उपयोग केवढुसा!"
पण आता लपायला जागा नाही. कोट मऊ.
तरी निघाली. टुचुक टुचुक, टुचुक टुचुक.

कोपऱ्यात यंत्र. पाणी गाळतं. भुर्र भुर्र, भुर्र भुर्र. अहो वाचणारे बाबा, आवाज काढा नीट! लाजताय काय?

"यंत्रोबा, यंत्रोबा, हळू व्हा.
चमचम काही खाणं सोडत नाहीत,
मिशाळ काही उकरणं सोडत नाही,
गवत काही उभं राहत नाही,
समोरचा काही जात नाही,
फायटर काही हटत नाही,
मला काही करवंटी मिळत नाही,
अन् माझा कोट मऊ मऊ!"

"भुर्र! मला डोकं नाही," यंत्र म्हणालं. "बटण आहे. काकांनी बटण फिरवलं, की हळू होईन. भुर्र!"
एवढं खरं आजवर कुणी बोललं नव्हतं.
"हूं! तोरा केवढा, अन् उपयोग केवढुसा!"
चिंगी नळीवर चढली. टुचुक टुचुक, टुचुक टुचुक. मिशा पाण्याबाहेर काढल्या. एक लांब, एक तोकडी.

काका काचेला नाक लावून बसले होते. नाक झालं होतं भज्यासारखं.
कोळंबी बोलते आणि काका ऐकतात? हो, ऐकतात. नसेल पटत तर तू कान झाक.

"दिगूकाका, दिगूकाका, बटण फिरवा.
यंत्र काही हळू होत नाही,
चमचम काही खाणं सोडत नाहीत,
मिशाळ काही उकरणं सोडत नाही,
गवत काही उभं राहत नाही,
समोरचा काही जात नाही,
फायटर काही हटत नाही,
मला काही करवंटी मिळत नाही,
अन् माझा कोट मऊ मऊ!"

काकांनी इकडे बघितलं. काकांनी तिकडे बघितलं.
"हळू बोल," काका म्हणाले. "या घरात बटणं माझी, पण हुकूम तिचा. कुमुदने सांगितलं, की फिरवतो."
केवढे ते काका! मिशाळाएवढ्या मिशा! आणि बटणाला भितात!
"हूं! तोरा केवढा, अन् उपयोग केवढुसा!"
टुचुक टुचुक, टुचुक टुचुक.

काकू शंकरपाळ्यांची बशी मांडत होत्या. टाकीच्या अगदी शेजारी. पाहुणे यायचे होते.

"कुमुदकाकू, कुमुदकाकू, काकांना सांगा.
काका काही बटण फिरवत नाहीत,
यंत्र काही हळू होत नाही,
चमचम काही खाणं सोडत नाहीत,
मिशाळ काही उकरणं सोडत नाही,
गवत काही उभं राहत नाही,
समोरचा काही जात नाही,
फायटर काही हटत नाही,
मला काही करवंटी मिळत नाही,
अन् माझा कोट मऊ मऊ!"

"मुळीच नाही सांगणार!" काकू म्हणाल्या. "त्या शेजारच्या नलूच्या टाकीत नुसतं बुडबुड होतं. माझ्या टाकीत धबधबा आहे, धबधबा! पाहुण्यांना दिसायला नको?"
"अहो, पण मला कुणीतरी खाईल!"
"तू दिसतेस कुठे? तू गेलीस तर कळणार कुणाला?"

ऐकलंत? असं म्हणाल्या!
चिंगी या वेळी "हूं" म्हणाली नाही.
काचेवर गेली. एका खड्याला टेकली. मुसमुस रडली.
खडा हलला.
खड्याला शिंगं आली!
खडा नव्हताच तो. गोगलगाय होती. हळूबाई. तिला कुणी काही विचारत नसे. उत्तर येईपर्यंत झोप लागायची ना!

"हळूबाई, हळूबाई, काहीतरी करा.
काकू काही सांगत नाहीत,
काका काही बटण फिरवत नाहीत,
यंत्र काही हळू होत नाही,
चमचम काही खाणं सोडत नाहीत,
मिशाळ काही उकरणं सोडत नाही,
गवत काही उभं राहत नाही,
समोरचा काही जात नाही,
फायटर काही हटत नाही,
मला काही करवंटी मिळत नाही,
अन् माझा कोट मऊ मऊ!"

हळूबाईने विचार केला.
अजून केला.
जांभई देऊ नकोस. ती विचार करतेय.
"ब… रं," हळूबाई म्हणाली.
बरं! नुसतं बरं! कुणी थांबलं की मग, असं नाही. बरं!

हळूबाई निघाली. घसरऽक. घसरऽक.
काच चढली. घसरऽक.
काठ ओलांडला. घसरऽक.
बाहेर आली. खाली आली. चिकट चिकट, बुळबुळ बुळबुळ.
शंकरपाळ्यांच्या बशीवर मान टेकवली.
"काय गं कुमुद," हळूबाई म्हणाली. "सांगतेस दिगूला? की बसू शंकरपाळ्यांत?"

"ईऽऽऽऽऽ!" काकू ओरडल्या. "नको गं बाई! सांगते! सांगते!"
काकूंनी काकांना सांगितलं.
काकांनी बटण फिरवलं. कटक्!
यंत्र झालं हळू. बुडुक… बुडुक…
चमचम दमायचे थांबले. थोडं खाल्लं, थोडं सोडलं. मग सगळे एकदम डावीकडे वळले. का? नको विचारू.
सोडलेलं खाली आलं. तरंगत तरंगत. टिप्, टिप्.
मिशाळबुवांच्या मिशीवरच पडलं! मिशीचा उपयोग झाला एकदाचा! बुवांनी खाल्लं. उकरणं सोडलं. झोपले. घुर्र.
गवताच्या मुळांनी वाळू धरली. घट्ट.
गवत उठलं. हळूच, हळूच, उभं राहिलं. मागची काच हिरवी हिरवी!
आरसा झाकला.
समोरचा गेला!

फायटरने बघितलं. डावीकडे नाही. उजवीकडे नाही.
"पळाला!" फायटर ओरडला. "माझे गाल बघून पळाला! बघा रे सगळे! पळाला!"
आणि शालू फिरवत निघाला टाकीभर मिरवायला. सर्र सर्र!
मिरव बाबा, मिरव!
तेवढ्यात टुचुक!
चिंगी करवंटीत!

तिकडे काकूंनी हळूबाईला पळीने उचललं आणि टाकीत सोडलं. डुबुक! पळी पुन्हा आमटीत घातली की नाही, ते पाहुण्यांना सांगू नका.

चिंगी आत बसली. अंधारात बसली. निवांत बसली.
बसून बसून कोट झाला कडक. वाजवून बघितला. टक टक!
दाराशी आला फायटर.
"चिंगे, ए चिंगे," म्हणाला. "गाल फुगवून फुगवून दुखले गं. जरा आत घेतेस?"
चिंगीने त्याला खालून वर बघितलं. वरून खाली बघितलं.
"एवढा मोठा लढवय्या," चिंगी म्हणाली, "आणि कोळंबीच्या घरी बसतो? लोक काय म्हणतील!"
आणि दाराकडे पाठ करून बसली.

खाली वाळू, वर पाणी,
चिंगी आपल्या घरची राणी.